वर्गणी, उपकर आणि अनुदान : लोधीखेडा परिसरातील पालक-शिक्षक संघाच्या निधीचा इतिहास

प्रास्ताविक

शिक्षणाचा इतिहास लिहिताना आपले लक्ष प्रथम आयोग, अधिनियम आणि संस्थापक यांच्याकडे जाते. शाळेच्या कपाटात पडून असलेल्या पावतीपुस्तकाकडे सहसा कोणी पाहत नाही. पालक-शिक्षक संघाचा निधी असतो तरी किती? एखादा फळा, दोन चटया, पाण्याचा माठ, पंधरा ऑगस्टचा खाऊ. एवढ्या रकमेचा इतिहास काय लिहावयाचा, असा प्रश्न कोणी विचारल्यास तो गैर म्हणता येणार नाही. परंतु शाळा कोणाची, हा प्रश्न या छोट्या निधीच्या जमाखर्चात जितका स्पष्ट दिसतो, तितका मोठ्या अंदाजपत्रकात दिसत नाही. पैसा कोणी दिला, तो कोणाच्या सहीने निघाला आणि हिशेब कोणासमोर वाचला गेला, या तीन गोष्टींवरून पालकांचे शाळेतील खरे स्थान ठरते.

प्रस्तुत लेखात मध्य प्रदेशातील लोधीखेडा आणि त्याभोवतीचा सौंसर-पांढुर्णा हा मराठीभाषक पट्टा समोर ठेवून या निधीच्या प्रवासाचा विचार केला आहे. कोणत्याही एका शाळेच्या वह्यांचे परीक्षण येथे केलेले नाही. या परिसरातील शासकीय शाळांच्या संघांना ज्या नियमांनी पैसा मिळाला आणि ज्या नियमांनी तो खर्च झाला, त्या नियमांचा हा आढावा आहे. प्रतिपादन असे की, गेल्या दीडशे वर्षांत शाळेकडे येणारी रक्कम वाढत गेली, परंतु त्या रकमेवर पालकांनी स्वतः विचार करून निर्णय घेण्याची जागा त्या प्रमाणात वाढली नाही.

परिसर आणि भाषा

लोधीखेडा हे सौंसर तहसिलीतील नगर परिषद असलेले गाव. पूर्वी ते छिंदवाडा जिल्ह्यात होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिली मिळून पांढुर्णा जिल्हा झाला, तेव्हापासून ते नव्या जिल्ह्यात आहे. भोवताली कापूस आणि संत्रा ही मुख्य पिके. बाजार, दवाखाना आणि नातीगोती या बाबतींत हा भाग नागपूरकडे पाहतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले, आणि छिंदवाडा जिल्ह्याबरोबर हा पट्टा मध्य प्रदेशात राहिला. परिणामी घरची बोली मराठी आणि कार्यालयाची भाषा हिंदी, अशी स्थिती येथे पिढ्यान्‌पिढ्या आहे.

निधीच्या इतिहासात या दोन गोष्टींना, म्हणजे पिकाला आणि भाषेला, महत्त्व आहे. उन्हाळी सुटीनंतर शाळा जून-जुलैत पुन्हा सुरू होते. नेमक्या याच वेळी कास्तकाराचा पैसा बियाणे आणि खत यांत गेलेला असतो. कापसाचा पैसा दिवाळीच्या आगेमागे हाती येऊ लागतो. संत्र्याचा आंबिया बहार त्या सुमारास, तर मृग बहार उन्हाळ्याच्या तोंडावर. म्हणजे वर्गणी मागण्याची शाळेची वेळ आणि ती देण्याची घरची वेळ यांचा मेळ मुळातच बसत नाही. भाषेबद्दल सांगावयाचे तर, सभेत बोलणे मराठीत होते, पण ठराव आणि हिशेब हिंदीत लिहिले जातात. जी आई रोजकीर्द हा शब्द ऐकून समजेल, तिच्यासमोर कार्यालयीन हिंदीतील पंजी येते आणि ती अंगठा किंवा सही देऊन मोकळी होते.

उपकरापासून जनपद सभेपर्यंत

तिसरे रघूजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये निधन पावले आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य कंपनी सरकारने खालसा केले. योगायोग असा की शाळांना अनुदान देण्याचे धोरण सांगणारा वुडचा खलिताही १८५४ चाच. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला आणि पाठोपाठ प्रांताचा शिक्षण विभाग उभा राहिला. ग्रामीण शाळांसाठी जो पैसा उभा केला गेला, त्यातील महत्त्वाचा भाग जमीन महसुलाबरोबर वसूल होणाऱ्या शाळा-उपकराचा होता.

हा उपकर म्हणजे एका अर्थाने पालकांचीच वर्गणी होती, परंतु सक्तीची आणि निनावी. ज्याचे मूल शाळेत नाही तोही ती देत असे, आणि देणाऱ्याला आपल्या गावच्या शाळेवर किती खर्च झाला हे कळण्याचा मार्ग नव्हता. १८८३ च्या स्थानिक स्वराज्य अधिनियमाने जिल्हा कौन्सिले आणि लोकल बोर्डे आली. शाळेचा खर्च निदान जिल्ह्याच्या पातळीवर चर्चेचा विषय झाला. १९२० च्या प्राथमिक शिक्षण अधिनियमाने सक्तीचे शिक्षण लागू करण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना दिला. १९४८ मध्ये तहसील हा घटक धरून जनपद सभा स्थापन झाल्या. शाळेच्या पैशाचा निर्णय जिल्ह्याहून तहसिलीपर्यंत खाली आला, ही या काळाची जमेची बाजू. तो शाळेच्या अंगणापर्यंत मात्र पोहोचला नाही.

विद्यामंदिर योजना : जमिनीवर उभा केलेला निधी

या प्रांतात एक प्रयोग असा झाला की ज्यात शाळेचा खर्च गावातच उभा करावयाचा होता. १९३७ मध्ये काँग्रेस मंत्रिमंडळ आले, तेव्हा शिक्षणमंत्री पंडित रविशंकर शुक्ल यांनी विद्यामंदिर योजना मांडली. ज्या गावात शाळा नाही तेथे दानात जमीन मिळवावयाची आणि तिच्या उत्पन्नातून शाळा चालवावयाची, ही कल्पना. वर्षाला सुमारे २०० रुपये उत्पन्न देणारी जमीन आणि शिक्षकाला दरमहा १५ रुपये, असा तिचा ढोबळ हिशेब होता. पंधरा रुपयांप्रमाणे वर्षाचे १८० रुपये शिक्षकाकडे जातात. उरलेल्या विसांत खडू, फळा, दुरुस्ती आणि दुष्काळाचे वर्ष एवढे सारे बसवावयाचे. हिशेब किती ताणलेला होता, हे यावरून लक्षात येते.

योजनेच्या नावावर, विशेषतः ‘मंदिर’ या शब्दावर, प्रांतातील मुस्लिम समाजातून आक्षेप घेतला गेला. १९३८ च्या पीरपूर अहवालातही या योजनेविषयीची तक्रार नोंदली गेली. नोव्हेंबर १९३९ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि योजना मागे पडली. आपल्या विषयाच्या दृष्टीने यातून दोन बोध मिळतात. निधी एकाच पिकावर किंवा एकाच दात्यावर उभा केला तर शाळा पावसाच्या भरवशावर राहते. आणि ज्या पालकांच्या मुलांसाठी शाळा काढावयाची, त्यांना नाव ठरविण्याच्या वेळी विचारले नाही, तर जमीन मिळूनही विश्वास मिळत नाही.

याच्या उलट उदाहरणे छोट्या वर्गणीची आहेत. १८६६ मध्ये देवबंद येथे सुरू झालेल्या दारुल उलूमने मौलाना मुहम्मद कासिम नानौतवी यांच्या आठ तत्त्वांनुसार जहागिरीसारख्या निश्चित उत्पन्नापेक्षा सर्वसामान्यांच्या चंद्यावर भर दिला. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या रयत शिक्षण संस्थेसाठी कर्मवीर भाऊराव पाटलांनी घरोघरच्या मूठभर धान्याचा मार्ग धरला. दोन्ही ठिकाणी रक्कम किंवा धान्य थोडे होते, पण देणारे अनेक होते. आणि अनेक देणारे असले की विचारणारेही अनेक असतात.

हमी योजनेपासून जन शिक्षा अधिनियमापर्यंत

मध्य प्रदेशात पालकांचा शाळेच्या कारभाराशी थेट संबंध जोडण्याचा मोठा प्रयत्न गेल्या शतकाच्या अखेरीस झाला. १ जानेवारी १९९७ पासून शिक्षा गॅरंटी योजना सुरू झाली. एक किलोमीटरच्या आत शाळा नसेल, आणि सर्वसाधारण क्षेत्रात ४० किंवा आदिवासी क्षेत्रात २५ मुले असतील, तर वस्तीने मागणी करावयाची आणि शासनाने ९० दिवसांत शाळा द्यावयाची, असा तिचा करार होता. शिकविणाऱ्या स्थानिक गुरुजींचे मानधन आरंभी दरमहा ५०० रुपये होते. मानधन शासनाचे आणि बसायला जागा वस्तीची, अशी ही विभागणी. पालकांचा वाटा येथे पैशापेक्षा जागा, श्रम आणि मागणीचा अर्ज या रूपात होता.

२६ जानेवारी २००१ पासून ग्रामस्वराज व्यवस्था आली. त्यानंतर मध्य प्रदेश जन शिक्षा अधिनियम, २००२ ने शासकीय शाळेतील पालक शिक्षक संघाला कायद्याचा आधार दिला. पूर्वी मुख्याध्यापकाच्या इच्छेवर चालणारी सभा आता कायद्याने मान्य केलेली संस्था झाली. याच सुमारास सर्व शिक्षा अभियानाचा पैसा शाळेपर्यंत येऊ लागला. तसेच २८ नोव्हेंबर २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर कोरड्या धान्याऐवजी शिजवलेले मध्यान्ह भोजन द्यावयाचे ठरले, आणि मध्य प्रदेशात ते काम अनेक ठिकाणी महिला बचत गटांकडे किंवा पालक शिक्षक संघांकडे आले. ज्या संघाने तोवर स्नेहसंमेलनाच्या वर्गणीपलीकडे हिशेब ठेवला नव्हता, त्याच्याकडे बँकेचे खाते, पासबुक, व्हाउचर आणि उपयोगिता प्रमाणपत्र ही सारी सामग्री एकाच वेळी आली.

अनुदानाचे गणित

सर्व शिक्षा अभियानाच्या आरंभीच्या निकषांनुसार शाळा अनुदान वर्षाला २,००० रुपये, स्वतःची इमारत असल्यास देखभालीसाठी ५,००० रुपयांपर्यंत आणि प्रत्येक शिक्षकामागे साहित्यासाठी ५०० रुपये मिळत. दोन शिक्षकांच्या प्राथमिक शाळेचा हिशेब मांडला तर २,००० + ५,००० + १,००० असे जास्तीत जास्त ८,००० रुपये होतात. शाळेत ८० मुले धरली तर वर्षाला मुलामागे १०० रुपये. रक्कम लहान वाटते. परंतु ८० घरांकडून तेवढीच रक्कम वर्गणीने जमवावयाची म्हटली तर प्रत्येक घरामागे वर्षाला १०० रुपये मागावे लागले असते, आणि तेही पेरणीच्या दिवसांत. या अनुदानाने गरीब घरावरचा भार उतरविला, हे निःसंशय मान्य केले पाहिजे.

मात्र प्रत्येक रकमेवर तिचे शीर्ष लिहिलेले होते. शाळा अनुदान निकामी साहित्य बदलण्यासाठी, देखभाल अनुदान इमारतीसाठी, शिक्षक अनुदान अध्यापन साहित्यासाठी. पावसात छप्पर गळत असेल आणि खात्यात साहित्याचे पैसे असतील, तर संघाने हात बांधून बसावयाचे. देखभाल अनुदानाच्या निकषांत लोकसहभागाचा घटक असावा अशी अट होती. म्हणजे पालकांच्या वाट्याची आठवण नियमाने ठेवली होती, परंतु निवडीचा अधिकार नियमाकडेच राहिला.

दुसरी अडचण वेळेची. ‘अकाउंटॅबिलिटी इनिशिएटिव्ह’च्या ‘पैसा’ या सर्वेक्षणांत देशभर असे दिसून आले की शाळांची अनुदाने बहुधा आर्थिक वर्षाच्या उत्तरार्धात पोहोचतात. जुलैत हवा असलेला माठ हिवाळ्यात घेतला जातो आणि ३१ मार्चपूर्वी उरलेली रक्कम खर्ची टाकण्याची घाई होते. अशा घाईच्या सभेत ‘काय घ्यावे’ हा प्रश्न मागे पडतो. ‘सही कुठे करावयाची’ एवढाच उरतो. पालकांच्या उदासीनतेबद्दल आपण शिक्षक मंडळी तक्रार करतो, तेव्हा सभेपुढे निर्णयासाठी प्रत्यक्षात काय ठेवले होते, हेही तपासले पाहिजे.

शिक्षणहक्क आणि शून्य शिल्लक

१ एप्रिल २०१० पासून बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ लागू झाला. कलम २१ नुसार शाला प्रबंधन समिती आली. तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला. शाळा विकास योजना तयार करणे हे तिचे काम. शासन, स्थानिक संस्था ‘अथवा अन्य कोणताही स्रोत’ यांच्याकडून मिळालेल्या निधीच्या विनियोगावर देखरेख ठेवणे हेही तिचेच काम. अन्य स्रोतांचा हा उल्लेख महत्त्वाचा आहे. समितीला स्वतःचा निधी असू शकतो, हे कायद्याने गृहीत धरले आहे. केंद्राच्या नियमांत समितीची रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून तिची दरवर्षी तपासणी करण्याची तरतूद आहे.

अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांसाठी २०१२ च्या दुरुस्तीने ही समिती केवळ सल्लागार ठरविली. मे २०१४ मध्ये प्रमती निकालाने हा अधिनियमच त्या शाळांना लागू होत नाही असे सांगितले. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दुसऱ्या एका पीठाने या निकालाचा फेरविचार मोठ्या पीठाने करावा अशी शिफारस केली. म्हणून आपल्या संस्थांना कायदा भाग पाडत नाही. पालकांना हिशेब दाखवावयाचा की नाही, हा प्रश्न आपल्या विवेकाचा उरतो. तो अधिक अवघड प्रश्न आहे.

२०१८ मध्ये दोन बदल झाले. समग्र शिक्षा अभियानाने निरनिराळी शीर्षे एकत्र करून पटसंख्येवर आधारित संयुक्त शाळा अनुदान आणले. ८० मुलांच्या शाळेला २५,००० रुपये, त्यातील किमान दहा टक्के म्हणजे २,५०० रुपये स्वच्छतेसाठी. जुन्या ८,००० च्या तुलनेत रक्कम तिपटीहून अधिक, आणि शीर्षांची अडचणही बरीच कमी. दुसरा बदल राज्यातील ‘एक परिसर एक शाला’ या धोरणाचा. एकाच आवारातील सुमारे ३५ हजार शाळांचे एकत्रीकरण होऊन सुमारे १६ हजार शाळा झाल्या. शाळा एकत्र आल्या म्हणजे समित्या आणि खातीही एकत्र आली. पटसंख्येच्या टप्प्यांमुळे विलीन शाळेचे अनुदान पूर्वीच्या दोन शाळांच्या बेरजेइतके असेलच असे नाही: ६० आणि ७० मुलांच्या दोन शाळांना प्रत्येकी २५,००० म्हणजे ५०,००० मिळत, विलीन १३० च्या शाळेलाही ५०,००० च मिळतात. परंतु ४० आणि ५० च्या दोन शाळा एक झाल्या तर ५०,००० चे २५,००० होतात.

त्यानंतरचा बदल खात्याच्या स्वरूपाचा. केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या २०२१ च्या सूचनांनुसार प्रत्येक केंद्रपुरस्कृत योजनेसाठी राज्याचे एक मध्यवर्ती खाते असते आणि खालच्या यंत्रणांची खाती शून्य शिलकेची. मर्यादा मंजूर होते, देयक टाकले की रक्कम थेट विक्रेत्याकडे जाते. न वापरलेली मर्यादा संपते. पैसा वर्षानुवर्षे पडून राहू नये, हा हेतू योग्यच आहे, आणि गैरव्यवहाराला त्यामुळे आळाही बसतो. पण पासबुकात शिल्लक दिसत नाही तेव्हा ‘आपल्या शाळेचे इतके पैसे आहेत’ हे वाक्य पालकांच्या सभेत उच्चारण्याची सोयच राहत नाही.

वर्गणीच्या दोन बाजू

यावर उपाय म्हणून पुन्हा वर्गणीकडे जावे काय? वर्गणीचा इतिहासही निष्कलंक नाही. ‘ऐच्छिक’ वर्गणीची यादी वर्गात वाचली जाते, तेव्हा ज्याच्या नावापुढे रेघ आहे त्या मुलाची मान खाली जाते. कापूसवेचणीला जाणाऱ्या बाईच्या दृष्टीने दहा रुपये आणि शंभर रुपये यांतील अंतर आपल्याला वाटते तसे नसते. शिवाय वर्गणीवर चालणारी शाळा सधन मोहल्ल्यात सजते आणि गरीब मोहल्ल्यात गळते. अमेरिकेत १८९७ मध्ये वॉशिंग्टन येथे मातांची राष्ट्रीय परिषद भरली आणि तिच्यातून पालक-शिक्षक संघांची मोठी चळवळ उभी राहिली. तेथेही श्रीमंत वस्तीतील संघ अधिक शिक्षक आणि उपक्रम विकत घेऊ शकतात आणि गरीब वस्तीतील संघ मागे पडतात, ही चर्चा आजही चालू आहे.

महाराष्ट्राने खासगी शाळांसाठी एक मध्यम मार्ग काढला. २०११ च्या शुल्क विनियमन अधिनियमाने प्रत्येक पालक हा संघाचा सदस्य ठरविला आणि वार्षिक वर्गणी शहरी भागात ५० रुपये, ग्रामीण भागात २० रुपये अशी कायद्यातच बांधून दिली. रक्कम सर्वांना समान आणि लहान; म्हणून ती दान ठरत नाही, सदस्यत्वाची खूण ठरते. या तरतुदीचे मर्म रकमेत नाही. वीस रुपये देणारा आणि शाळेच्या शुल्काच्या प्रस्तावावर मत देणारा माणूस एकच आहे, यात ते आहे.

समारोप

लोधीखेडा परिसराच्या संदर्भात हा सारा प्रवास पाहिला असता असे म्हणता येते की, उपकराच्या काळात पालक पैसे देत होते पण त्यांना दिसत नव्हते. विद्यामंदिराच्या काळात दिसत होते पण त्यांना विचारले गेले नव्हते. २००२ नंतर त्यांना सही मिळाली, पण निवड मिळाली नाही. आणि आज रक्कम पूर्वीपेक्षा मोठी असूनही ती त्यांच्या नजरेआड फिरते. मोफत शिक्षणाचे तत्त्व मागे घेण्याचा प्रश्नच नाही. शाळेचा खर्च शासनानेच उचलला पाहिजे. प्रश्न आहे तो हिशेबाच्या वाचनाचा.

आपण महाविद्यालयांत शिकविणारे लोक याबाबत तीन साध्या गोष्टी करू शकतो. पहिली, आपल्याच संस्थेच्या शाळांतून वर्षातून दोनदा, एकदा जुलैत आणि एकदा कापसाचा पैसा हाती आल्यावर, पालकांसमोर जमाखर्च त्यांच्या बोलीत वाचून दाखविण्याची प्रथा पाडणे. दुसरी, वाणिज्य आणि समाजशास्त्र या विषयांच्या विद्यार्थ्यांना जवळच्या शाळेचा जमाखर्च एका पानावर मांडण्याचे प्रकल्पकार्य देणे. तिसरी, जुनी पावतीपुस्तके, बैठक पंज्या आणि पासबुके रद्दीत जाण्यापूर्वी शाळेच्या परवानगीने त्यांची छायाप्रत महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवणे. शाळांच्या एकत्रीकरणात बंद झालेल्या समित्यांच्या वह्यांना हा धोका सर्वाधिक आहे.

त्या वह्यांत कोणाचे नाव अमर होणार नाही. परंतु एखाद्या पावसाळ्यात छपरासाठी पैसे मागितले गेले की नाही, मागितले तर कोणी मागितले, आणि नाही मिळाले तर का, याचे उत्तर तेथेच आहे. ते उत्तर ज्या सभेत मोठ्याने वाचले जाईल, त्या सभेला पालक पुन्हा येतील.